बाकरवडी रुळतेय

रेडिंग, रविवार
कुकरची दुसरी शिट्टी

प्रिय आई,
सा. न.

काल व्हिडिओवर सईच्या हातावरचे ओरखडे बघून तू ‘चौदा इंजेक्शनं!’ म्हणून जी किंचाळलीस, ती शेजारच्या गोऱ्या आजोबांनाही ऐकू गेली असणार. अगं, इंग्लंडातल्या कुत्र्या-मांजरांचा रेबीज 1922 मध्येच संपला, आणि पोटातली ती चौदा इंजेक्शनं आपल्याकडेही केव्हाच बंद झाली. सई म्हणते ओरखडे प्रेमाचे आहेत. असतील.

पिल्लू दहा आठवड्यांचं. अभयच्या ऑफिसातल्या एका बाईंच्या मांजरीला चार झाली, त्यातलं एक. सोबत सूचनांचा कागद आला. पहिले काही दिवस एकच खोली. पाणी जेवणापासून लांब, वाळूचा ट्रे त्याहून लांब. उचलायचं नाही, टक लावून बघायचं नाही. नजरानजर झालीच तर डोळे सावकाश मिटायचे, मांजरांच्यात तो नमस्कार समजतात. अभय तीन दिवस सोफ्यासमोर पालथा पडून नमस्कार करत होता. तिसऱ्या दिवशी तो घोरायला लागला, तेव्हा ते खालून निघालं आणि त्याच्या पाठीवर जाऊन बसलं.

अकरा वर्षांपूर्वी आम्ही आलो तेव्हा हा कागद इथल्या लोकांना कोणी वाटला असता तर! एक खोली आम्हालाही होती. टक लावून बघणारेही होते.

(थांब, कुकर.)

तर चिप. 10 जून 2024 पासून इथे कायदा आहे: मांजर वीस आठवड्यांचं व्हायच्या आत मानेच्या कातडीखाली चिप बसवायची आणि मालकाचा पत्ता नोंदवायचा, नाहीतर 500 पौंडांपर्यंत दंड. गुणाकार करू नकोस, मी केला, पन्नास हजारांच्या वर जातो. चिप आंबेमोहोराच्या दाण्याएवढी, नंबर पंधरा आकडी. माझा पासपोर्ट नंबरही एवढा लांब नाही. बाबा हसतील, पण त्यांना सांग, आपल्या महापालिकेनेही 2022 मध्ये मांजराला परवाना लागेल असं जाहीर केलं. वाड्यातली मनी सात घरी जेवायची, तिचा परवाना कोणाच्या नावावर काढला असता गं? सातही बिऱ्हाडांनी ‘आमची नाही’ म्हणून लिहून दिलं असतं आणि संध्याकाळी बशी सरकवली असती.

लशींचं बिल बघून मी काउंटरवर मराठीत बोलले. वर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दूध द्यायचं नाही, पचत नाही. म्हणजे डोळे मिटून पिणारी तुझी सगळी मांजरं एका वाक्यात बाद! लिलीही घरात चालत नाही, नुसते पराग चाटले तरी मूत्रपिंडं जातात. म्हणून मी फुलदाणी उचलून पलीकडच्या मेरीला दिली. तिच्याकडे मांजर नाही, नवरा आहे.

आणि मिनूचं लग्न ठरल्याची बातमी तू ओरखड्यांच्या मध्येच दिलीस? मुलगा कोथरूडचा म्हणजे खरा कोथरूडचा, की आता बावधनलाही कोथरूडच म्हणतात तसा? फोटो पाठव. दादाने वहिनीला न विचारता सोफा आणला, त्यात मी पडणार नाही. (वहिनीचं बरोबर आहे.) बाबा मंडईहून स्वारगेटला मेट्रोने गेले. एकच स्टेशन, हकीकत मात्र चाळीस मिनिटं चालली. पुढच्या वेळी त्यांना वनाजपर्यंत पाठवू नकोस, माझं रोमिंग नाही पण दिवस संपतो.

पार्सल गुरुवारी पोचलं. मांजरासाठी आणलेला तीस पौंडांचा गादीवाला पलंग ओस पडलाय. ते तुझ्या खोक्यात शिरलं आणि असं गुंडाळून झोपलं की सई ओरडली, ‘बाकरवडी!’ तेच नाव पडलं. दवाखान्यात पुकारा होतो, ‘मिस बेकर वॉडी गोडबोले’.

लोणच्याच्या बरणीला तू जुन्या निळ्या साडीचा तुकडा गुंडाळला होतास ना? तोच तिचं अंथरूण झालाय. धुवायला म्हणून काल उचलला, तर तुझ्या कपाटातल्या वाळ्याचा वास. मग नाहीच धुतला. अभय विचारत होता, मांजरासाठी का. हो म्हटलं.

तुझी,
सुमी

ता. क. दिवाळीच्या फराळाला खोका मोठा घे. ती वाढतेय.