वाटी, मोदकपात्र आणि भिशी: चारकोपी काटकसरीचे शास्त्र

काटकसर एकट्याने करायची असते, असा एक गैरसमज टॉवरांत पसरला आहे. चारकोपच्या बैठ्या सेक्टरांत तो अजून पोचलेला नाही. तिथे काटकसर करायची तर आधी शेजारी लागतो, आणि त्या शेजाऱ्याकडे शिडी असावी लागते. नवशिक्यांच्या सोयीसाठी या शास्त्राची ओळख पुढे करून दिली आहे.

शास्त्राला सरकारी अधिष्ठान आहे. जागतिक बँकेच्या कर्जातून १९८५ साली मुंबईत नागरी विकासाचा मोठा प्रकल्प सुरू झाला. त्यात म्हाडाने चारकोप आणि गोराईला घरांऐवजी भूखंड वाटले. रस्ता, नळ, गटार सरकारचे. भिंती ज्याच्या त्याच्या. छोटा भूखंड पंचवीस ते चाळीस चौरस मीटरचा, मध्ये मोकळा चौक, भोवती साधारण पस्तीस बिऱ्हाडे आणि त्यांची मिळून एक सहकारी सोसायटी. मोठे भूखंड चढ्या भावाने विकून छोट्यांचा भार हलका करायचा, हा हिशेबही त्या योजनेतच होता. घर बांधण्याची पद्धत मग आपोआप ठरली. बोनस आला की भिंत, पीएफ सुटला की स्लॅब, थोरल्याचे लग्न ठरले की वरचा मजला. थोडक्यात, साधकाने जोते घालावे आणि धीर धरावा.

आता प्रत्यक्ष विधी. आरंभ वाटीपासून होतो. साखर मागायला जाताना वाटी मध्यम न्यावी. लहान नेली तर दैन्य दिसते, मोठी नेली तर हेतू. ती परत करताना रिकामी देऊ नये, हा दंडक. म्हणून अर्धी वाटी साखरेच्या बदल्यात दोन बेसनाचे लाडू जातात, लाडवांच्या बदल्यात कैरीचे लोणचे येते, आणि हे खाते कधीच बंद होत नाही. अर्थशास्त्राच्या दृष्टीने हा शुद्ध तोटा आहे. तरीही पुढे कोणाला रात्री अडीचला रिक्षा लागते, तेव्हा ती शोधायला याच खात्यातला माणूस चपला घालून निघतो.

वाट्या अशा चौकभर फिरत असल्याने त्यांवर नाव कोरलेले असणे अगत्याचे. भांड्यांच्या दुकानातला कोरणारा अक्षरामागे पैसे घेत असे, त्यामुळे काटकसरी घराण्यांची नावे आद्याक्षरांवर भागलेली आढळतात. ठिपक्याठिपक्यांची ती दोन अक्षरे, खाली ‘मुंजीप्रीत्यर्थ’ आणि साल. मुंज झालेला मुलगा आता स्वतः टक्कल झाकतो, वाटी मात्र समोरच्या ओळीत कोणाच्या तरी डाळीत सुखाने नांदते आहे.

सामायिक मालमत्तेत शिडी, ड्रिल मशीन, चकलीचा सोऱ्या आणि मोदकपात्र मोडतात. पहिल्या तिघांना अडचण नाही. मोदकपात्र मात्र वर्षातून एकाच सकाळी सगळ्यांना हवे असते. यावर तोडगा असा की भटजींच्या वेळापत्रकाला मोदकपात्राचे वेळापत्रक बांधावे. भटजी ज्या घरी सातला, तिथे पात्र पहाटे पाचला. ज्या घरी अकराला, त्यांनी नऊला न्यावे, तेही गरम पात्र फडक्यात धरून. भटजी उशिरा येतातच, तेव्हा एखादे घर मागे पडले तरी नैवेद्य चुकत नाही.

स्वयंपाकघरात शास्त्र नवे काही सांगत नाही. दोडक्याच्या शिरांची चटणी, शिळ्या पोळीचा कुस्करा, तूप कढवल्यावर उरलेल्या बेरीत साखर घालून पोरांच्या हातावर. (हे पदार्थ गरजेपोटी होतात असे मानणाऱ्याने दोडक्याच्या शिरांची चटणी खाल्लेली नसते.) पाण्याबाबत मात्र कडक सूचना. मुंबईत पाणी ठरल्या वेळीच येते, म्हणून पिंप भरले जाते. आणि दुसऱ्या दिवशी नळ वाजला की कालचे ‘शिळे’ पाणी मोरीत ओतले जाते. झाकून ठेवलेले पाणी एका रात्रीत नासत नाही. अगदीच मन घेत नसेल तर त्याने लादी पुसावी, तुळशीला घालावे.

पाठ्यपुस्तकांचे वारसाहक्क हे पूर्वी सोपे प्रकरण होते. सहावीतून सातवीत गेलेल्याने आपला संच खालच्या घरच्या पाचवी पास मुलाला द्यायचा, कव्हर तेवढे नवे. २०२३-२४ मध्ये दप्तराचे ओझे कमी करण्यासाठी बालभारतीच्या पुस्तकांतच वहीची कोरी पाने आली. दादाने ती इमानदारीने भरली आणि परंपरा अडचणीत आली. पुढे सरकारने ती पाने काढून टाकली, त्यामुळे वारसा पूर्ववत सुरू व्हायला हरकत नाही.

प्रवासाचे थोडक्यात. मे २०२५ मध्ये बेस्टचे किमान भाडे पाचाचे दहा झाले, तेव्हा काही जणांनी कांदिवली स्टेशन ते चारकोप चालण्याचा संकल्प सोडला. दहा रुपये वाचले, पण हिंदुस्थान नाक्यापर्यंत भूक लागली, आणि दहा रुपयांत वडापाव कुठला! जाणत्यांनी बसच धरावी.

सर्वांत वरची पायरी भिशी. बाराजणी, महिना हजार, बारा महिने. दर महिन्याला एकीच्या हाती बारा हजार. नियम एकच: जिच्या घरचा चहा प्यायलेला नाही तिला भिशीत घेऊ नये. मोठा परतावा कबूल करणारी, पलीकडच्या सेक्टरातून ऐकू आलेली भिशी तर लांबूनच नमस्कार करण्याजोगी. गणिती लोक दाखवून देतात की पहिलीला बिनव्याजी कर्ज मिळते आणि शेवटची उगाच थांबते. ते बरोबरच आहे. पण चारकोपच्या चौकात क्रम चिठ्ठीवर सोडलेला असला, तरी चिठ्ठी पुरती दैवावर सोडलेली नसते. कोणाच्या सासूचे मोतीबिंदूचे ऑपरेशन मार्चमध्ये आहे, कोणाचे गावचे छप्पर पावसाआधी शाकारायचे आहे, हे सगळ्यांना ठाऊक असते. डबा हलवला जातो, सगळ्यांत धाकटे पोर हात घालते, चिठ्ठी ज्येष्ठ काकू उघडतात आणि त्याच वाचतात. दुसऱ्या कोणाला दाखवण्याची प्रथा नाही. जूनमध्ये, कॉलेजची फी भरायच्या आठवड्यात, नेमके जिची मुलगी बारावी पास झाली तिचेच नाव निघते, आणि उरलेल्या अकराजणी मोठ्या आवाजात आश्चर्य व्यक्त करतात.