आत कोण बघतंय?

मध्यमवर्गीय घरात कॉम्प्युटरचं बजेट ठरतं ते गरजेवरून नव्हे, कानाला बऱ्या वाटणाऱ्या आकड्यावरून. चाळीस म्हटलं तर फारच कमी वाटतं, साठ म्हटलं की आई स्वयंपाकघरातून बाहेर येते, म्हणून पन्नास. हा आकडा घेऊन बारावी झालेला मुलगा आठवडाभर यूट्यूबवर बसतो, वहीच्या मागच्या पानावर यादी करतो आणि बाबांपुढे बेरीज ठेवतो: ४९ हजार ८००. बाबा खूश होतात. मग चष्मा कपाळावर सरकवून विचारतात, "यात मॉनिटर कुठंय रे?"

मॉनिटर नसतो. कीबोर्ड-माऊस नसतात, यूपीएस नसतो आणि विंडोजच्या लायसन्सचे दहा हजारांच्या आसपासचे पैसेही नसतात. "विंडोज काय, दुकानदार टाकून देतो," असं मुलगा सांगतो. हे 'टाकून देणं' म्हणजे काय असतं ते घरातल्या सगळ्यांना ठाऊक असतं, म्हणूनच त्यावर कुणी चर्चा करत नाही. उबुंटू फुकट आहे आणि कायदेशीरही आहे. पण फुकट आणि कायदेशीर या दोन गोष्टी एकाच ठिकाणी दिसल्या की आपल्या माणसाला संशय येतो.

या यादीला एक अलिखित नियम असतो. ज्या पार्टचं नाव चारचौघांत घेता येतं, त्यावर पैसे जातात. प्रोसेसर सांगता येतो, ग्राफिक्स कार्ड सांगता येतं, रंगीत दिवे तर न सांगताच दिसतात. "आमच्याकडे साडेपाचशे वॅटचा ब्रॉन्झ एसएमपीएस आहे हो," असं कुठल्याही साखरपुड्यात कुणी म्हटल्याचं ऐकिवात नाही. त्यामुळे एसएमपीएस, म्हणजे बाकी सगळ्या पार्टना वीज पुरवणारा डबा, यादीत सर्वांत शेवटी येतो आणि उरलेल्या पैशांत येतो.

मुंबईत ही यादी घेऊन लोक ग्रँट रोड स्टेशनच्या पूर्वेला उतरतात. रस्त्याचं नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण गिऱ्हाईक, दुकानदार आणि टॅक्सीवाला तिघंही लॅमिंग्टन रोडच म्हणतात. हे लॉर्ड लॅमिंग्टन १९०३ ते १९०७ या काळात मुंबईचे गव्हर्नर होते. उधमसिंगांनी १९४० साली लंडनच्या कॅक्स्टन हॉलमध्ये ओडवायरवर गोळ्या झाडल्या, तेव्हा लॅमिंग्टनही तिथे जखमी झाले होते. आता त्यांच्या नावाच्या रस्त्यावर माणसं जखमी होतात ती रॅमचा भाव ऐकून. पहिल्या दुकानात कोटेशन घ्यायचं, दुसऱ्या दुकानात ते दाखवायचं, तिसऱ्या दुकानात दुसऱ्याचं दाखवायचं, असं करत दुपारचे तीन वाजले की बाप-लेक पुन्हा पहिल्या दुकानात येतात. तोवर तिथला भाव दोनशे रुपयांनी वाढलेला असतो.

आता प्रोसेसर. "आय सेव्हन आहे ना?" हा प्रश्न सोसायटीतले एक काका विचारणारच. त्यांच्या मते आय थ्री हा गरिबांचा, आय फाइव्ह नोकरदारांचा आणि आय सेव्हन यशस्वी लोकांचा. प्रत्यक्षात २०१७ साली आलेला आय सेव्हन ७७०० चार कोअर आणि आठ थ्रेडचा होता. २०२२ साली आलेला आय थ्री १२१०० सुद्धा चार कोअर आणि आठ थ्रेडचाच आहे, आणि तो त्या आय सेव्हनला मागे टाकतो. म्हणजे सेव्हन की थ्री हे विचारण्याआधी पिढी विचारायची असते. जुन्या मालाच्या बाजारात 'आय सेव्हन, १६ जीबी, फक्त १५ हजार' अशा जाहिराती झळकतात, त्यातला प्रोसेसर पुष्कळदा दुसऱ्या-तिसऱ्या पिढीचा, कुठल्या तरी ऑफिसातून निवृत्त झालेला असतो. इंटेलच्या बाबतीत विंडोज ११ अधिकृतपणे आठव्या पिढीपासून पुढेच चालतं आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. काकांना मात्र पिढीबद्दल विचारलं की ते आपल्या पिढीबद्दल बोलू लागतात.

मुलगा हुशार असतो. तो आय थ्री १२१०० च्या जागी १२१००एफ निवडतो, कारण तो स्वस्त पडतो. त्या एफचा अर्थ एवढाच की प्रोसेसरच्या पोटात ग्राफिक्स नाही, वेगळं कार्ड लावावंच लागेल. पैसे संपत आल्यामुळे ग्राफिक्स कार्ड 'दिवाळीला घेऊ' असं ठरतं. दिवाळीपर्यंत कॉम्प्युटर चालू असतो, फक्त दिसत काही नाही. एएमडीची रीत उलटी आहे: रायझन ५ ५६०० मध्ये ग्राफिक्स नाही, ५६००जी मध्ये आहे. इकडे एफ लागला की जातं, तिकडे जी लागला की येतं. नवख्याने यादीतलं शेवटचं अक्षर दोनदा वाचावं, कारण त्या एका अक्षराची किंमत एका दिवाळीएवढी असते.

मदरबोर्डकडे कुणी प्रेमाने बघत नाही. तो हिरवा, काळा कसाही असो, घरच्यांना त्यावर फक्त पुष्कळ वायरी जोडलेल्या दिसतात. खरी भांडणं मात्र तिथेच होतात. एएमडीचं २०१६ साली आलेलं एएम४ सॉकेट डीडीआर४ रॅम घेतं. २०२२ सालचं एएम५ फक्त डीडीआर५. इंटेलच्या बाराव्या पिढीला दोन्ही चालतात, पण बोर्ड सहसा एकाच जातीचा मिळतो. दोन्ही रॅमच्या खाचा वेगवेगळ्या जागी असल्याने चुकीची स्टिक बसतच नाही. तरीही "जरा दाब ना" असं म्हणणारा एक जण प्रत्येक घरात हजर असतो. आणखी एक हौस म्हणजे ओव्हरक्लॉकिंगसाठी, म्हणजे प्रोसेसर ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने पळवण्यासाठी, जादा पैसे मोजून 'के' अक्षराचा प्रोसेसर घ्यायचा आणि बोर्ड घ्यायचा सर्वांत स्वस्त एच६१०, ज्यावर ओव्हरक्लॉकिंगची सोयच नसते. दुकानदार या जोडीला हरकत घेत नाही. त्याने का घ्यावी?

स्वस्त एएम४ बोर्ड घेताना एक गोष्ट मात्र विचारून घ्यावी. बी४५० सारखा बोर्ड दुकानाच्या माळ्यावर बरीच वर्षं पडून असेल, तर त्यातला बायोस जुना असतो आणि रायझन ५६०० ला तो ओळखतच नाही. प्रोसेसर चांगला, बोर्ड चांगला आणि पडदा काळा. "बायोस अपडेट करून द्या," एवढं एक वाक्य काउंटरवरच बोलून टाकलं की दुसरी खेप वाचते.

ग्राफिक्स कार्डाच्या बाबतीत बाबांचा प्रश्न ठरलेला असतो: "किती जीबी?" या प्रश्नामुळेच २०१४ सालचं जीटी ७३० इतकी वर्षं खपत राहिलं. खोक्यावर मोठ्या अक्षरात ४ जीबी लिहिलेलं असतं, पण ५६००जी च्या पोटात फुकट मिळणारं ग्राफिक्स त्यापेक्षा जास्त जोरात पळतं. खरोखर गेम खेळायचे असतील तर २०२१ सालचं आरएक्स ६६०० फुल एचडी पडद्यासाठी अजूनही पुरतं. सेकंडहँड घ्यायचं असेल तर त्या कार्डाने पूर्वायुष्यात काय केलं याची चौकशी करावी. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या डिजिटल चलनाने ग्राफिक्स कार्डांवरच्या खाणकामाची पद्धत बंद केली, आणि रात्रंदिवस नाणी खोदून दमलेली कार्डं 'फक्त घरगुती वापर' अशा पाटीखाली बाजारात आली.

रॅमच्या भावात लॅमिंग्टन रोडचा हात फार थोडा असतो. जपानमधल्या निहामा गावी १९९३ साली चिपवरच्या आवरणासाठी लागणारी राळ बनवणाऱ्या कारखान्यात स्फोट झाला आणि जगभर रॅम महाग झाली. थायलंडमध्ये २०११ साली पूर आला, हार्ड डिस्कचे कारखाने पाण्यात गेले, आणि ज्यांनी थायलंड नकाशावरही पाहिलं नव्हतं त्यांनी डिस्कसाठी जादा पैसे मोजले. २०२५ च्या अखेरीस पाळी पुन्हा रॅमची आली. एआयसाठी डेटा सेंटर उभारणाऱ्या कंपन्यांनी मेमरी चिपांवर अशी झडप घातली की भाव सोन्यासारखा रोज विचारून घ्यायची वेळ आली. डिसेंबरमध्ये मायक्रॉन या मेमरी चिप बनवणाऱ्या कंपनीने तर सामान्य गिऱ्हाइकांसाठीचा आपला क्रूशियल हा ब्रँडच बंद करण्याची घोषणा केली. डोंबिवलीतला मुलगा आणि अमेरिकेतलं डेटा सेंटर आता एकाच काउंटरवर रांगेत उभे आहेत, आणि दुकानदाराला कोण प्रिय आहे हे सांगायला नको.

त्यातल्या त्यात एक शहाणपण परवडतं. १६ जीबीची एक स्टिक घेण्यापेक्षा आठ-आठच्या दोन घ्याव्यात, म्हणजे प्रोसेसरला दोन्ही वाटांनी मेमरी मिळते. ज्यांचं ग्राफिक्स प्रोसेसरमध्येच आहे त्यांना हा फरक डोळ्यांना दिसतो. बोर्डावर चार खाचा असतील तर दोन स्टिक सहसा दुसरीत आणि चौथीत जातात. शेजारी-शेजारी लावल्या की छान दिसतात, एवढंच.

एसएसडीबद्दल विनोद करण्यासारखं फारसं नाही. एनव्हीएमई घ्यावी आणि पुढे जावं.

आता त्या उपेक्षित डब्याकडे. स्वस्त कॅबिनेटबरोबर एसएमपीएस 'फ्री' येतो आणि त्याच्या अंगावर ४५० वॅट असं ठसठशीत लिहिलेलं असतं. हा आकडा बहुधा कवितेत मोडतो. खरा हिशेब त्याच लेबलवर बारीक अक्षरात दिलेला असतो. आजच्या कॉम्प्युटरात प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोन्ही मुख्यतः १२ व्होल्टच्या लाइनवर जगतात. त्या रकान्यात १४ अँपिअर लिहिले असतील तर १२ गुणिले १४ म्हणजे १६८ वॅट. बाकीचे पावणेतीनशे वॅट कुठे गेले हे बनवणाराच जाणे. एकट्या आरएक्स ६६०० ची खादाडी १३० वॅटच्या आसपास आहे, त्यात प्रोसेसरचे पासष्ट घातले की बेरीज लेबलच्या पलीकडे जाते. मग ऐन गेममध्ये, शत्रू समोर असताना, मशीन गप्पकन बंद पडतं. मुलाला वाटतं व्हायरस आला. बाबांना वाटतं महावितरण. खरा गुन्हेगार सहा-सातशे रुपयांचा, पत्र्याच्या खाली शांत बसलेला असतो. एखाद्या दिवशी तो जातो तेव्हा मदरबोर्डलाही सोबत नेतो.

८० प्लसचा शिक्का २००४ पासून सुरू झाला. तो मुळात वीज किती वाया जाते याचा आहे: ब्रॉन्झ म्हणजे निम्म्या लोडवर साधारण ८५ टक्के वीज कामी येते. पण तो शिक्का खरोखर मिळवायचा तर डबा कुणीतरी तपासलेला असावा लागतो, आणि सहाशे रुपयांच्या डब्याला तपासणीच्या नावानेच घाम फुटतो. यूपीएसच्या खोक्यावरही अशीच गंमत असते. '६००' हा आकडा व्हीएचा असतो, वॅटचा नव्हे. नेहमीच्या घरगुती यूपीएसमध्ये त्याचे ३६० वॅटच होतात.

इतका अपमान सोसून एसएमपीएसचे जे पैसे वाचतात ते कॅबिनेटच्या दिव्यांत जातात. पुढून काच, बाजूने काच, आत चार पंखे आणि सात रंग. काच समोर असल्याने पंख्यांना हवा ओढायला जागाच नसते. ते आतली गरम हवा गोल फिरवत बसतात आणि रंग बदलतात. नागपूरच्या मे महिन्यात खोलीतच चाळीसच्या पुढे पारा असताना हा काचेचा दिवाणखाना आत काय करत असेल! प्रोसेसर नव्वद-शंभर अंशांना पोचला की जीव वाचवायला वेग कमी करतो, म्हणजे वेगासाठी मोजलेले पैसे उन्हाळ्यात वाफ होऊन जातात. पुढे जाळी असलेलं, बिनदिव्याचं, कंटाळवाणं कॅबिनेट घ्यावं. पाहुण्यांना ते आवडणार नाही, पण कॉम्प्युटरवर बसणार तुम्हीच आहात.

शेवटी बिल. "पक्कं पाहिजे? मग अठरा टक्के लागतील," असं काउंटरवरून येतं आणि बापाच्या मनातला हिशेबनीस जागा होतो. कच्च्या चिठ्ठीवर वाचवलेले ते पैसे वर्षभराने सर्व्हिस सेंटरच्या खिडकीत परत मागितले जातात. तिथे पहिला प्रश्न बिलाचा असतो, दुसरा सिरीयल नंबरचा. खोक्यातल्या प्रोसेसरला कंपनीची तीन वर्षांची वॉरंटी असते. ट्रेमधल्या सुट्या प्रोसेसरची वॉरंटी म्हणजे दुकानदाराचं तोंड, आणि ते तोंड त्याच काउंटरवर असेल याची खात्री नसते.

घरात एक्सेल, टॅली, ऑनलाइन क्लास आणि बाबांची जुनी गाणी एवढंच चालणार असेल, तर ५६००जी, आठ-आठच्या दोन स्टिक, एक एनव्हीएमई आणि नावाजलेल्या कंपनीचा एसएमपीएस, एवढ्यावर थांबावं. ग्राफिक्स कार्डाचा हट्ट धरू नये; वाचलेल्या पैशांत मॉनिटर बरा येतो, आणि दिवसभर बघायचं त्याच्याकडेच असतं. गेम खेळणाऱ्याने आधी कार्ड आणि एसएमपीएस ठरवावेत, प्रोसेसर आय थ्री घेतला तरी चालतो. काकांना तो आय सेव्हन म्हणून सांगितला तर ते उघडून बघणार नाहीत.

आणि सगळं जोडून झाल्यावर पंखे फिरले, दिवे लागले, पण पडदा काळाच राहिला, तर दुकानदाराला फोन लावण्याआधी मागे वाकून बघा: मॉनिटरची वायर मदरबोर्डात खोचली आहे की ग्राफिक्स कार्डात? कार्ड असेल तर ती कार्डात हवी. पंखेच फिरले नाहीत, तर एसएमपीएसच्या मागचा छोटा काळा स्विच शून्यावर असेल, तो दाबा.