नवमतदारांचे प्रबोधन

१९८९ साली अंमलात आलेल्या ६१व्या घटनादुरुस्तीने मतदानाचे वय २१ वरून १८ वर आणून तरुणांच्या विवेकावर जो विश्वास प्रकट केला, तो दृढ राहावा म्हणून दरवर्षी २५ जानेवारीस, राष्ट्रीय मतदार दिनी, महाविद्यालयांच्या प्रांगणात त्यांना रांगेने उभे करून शपथ देवविण्यात येते आणि मान्यवरांची भाषणे ऐकविण्यात येतात. एवढ्यातूनही बचावलेला उत्साह घेऊन एखादा वसतिगृहवासी मतदारनोंदणीचा नमुना ६ दाखल करावयास गेलाच, तर वास्तव्याच्या पुराव्याअभावी त्याची रवानगी बहुधा वडिलांच्या गावी होते. लोकसभेची उमेदवारी मात्र २५ वर्षे पूर्ण झाल्याखेरीज मिळत नाही. अर्थात अठराव्या वर्षी राज्यकर्ता निवडण्याची जी अक्कल येते, ती राज्यकर्ता होण्याइतपत विसरावयास आणखी सात वर्षे लागतात, असा कायदेमंडळाचा अनुभवसिद्ध अभिप्राय असावा.