समुद्र वगळून किल्ला

रत्नागिरीचा माणूस किल्ला बघायला निघाला की काही गोष्टी गृहीतच धरून चालतो: खाली समुद्र, वर भगवतीचं देऊळ आणि घरी परतल्यावर सोलकढी. माझा धाकटा मेहुणा यातलं काहीच नसलेल्या जबलपुरात सुट्टीला आला आणि चहाचा कप खाली ठेवायच्या आत म्हणाला, "भावोजी, तुमच्याकडे एखादा किल्ला नाही का?"

"आहे की. मदन महाल."

"महाल नको हो, किल्ला!"

घमापुरातल्या आमच्या घराहून मदन महाल म्हणजे शहराचं दुसरं टोक. ऑटोतून उतरेपर्यंत त्याने रत्नागिरीचा रत्नदुर्ग घोड्याच्या नालेसारखा कसा आहे हे मला आणि ऑटोवाल्याला समजावून दिलं. ऑटोवाल्याने मान डोलावली आणि वीस रुपये जास्त मागितले.

पायऱ्या चढून वर पोचलो. एक प्रचंड काळपट धोंडा, त्याच्या डोक्यावर चढून बसलेली छोटीशी दुमजली इमारत, समोर तबेल्यांचे म्हणवणारे पडके कोनाडे. पाया म्हणून वेगळं काही बांधलेलंच नाही; धोंडा जिथे संपतो तिथे भिंत सुरू होते. नाव गोंड राजा मदनशाहाचं. मेहुण्याने सगळ्याला एक प्रदक्षिणा घातली.

"भावोजी, हा किल्ला की किल्ल्याच्या वॉचमनची खोली?"

त्याचं फारसं चुकलं नव्हतं. ही टेहळणीची चौकी असावी, असं इथेही बरेच जण म्हणतात. पण सासरच्या माणसाला लगेच 'बरोबर' म्हणायची पद्धत आमच्यात नाही.

"बुरूज कुठाय?"

"तू टेकून उभा आहेस तो धोंडा."

"आणि समुद्र?"

"पश्चिमेला. मुंबईची गाडी पकड."

एवढं होऊनही त्याने छाती भरून महाराजांचा जयजयकार केलाच. खालच्या पायरीवर सेल्फी काढणाऱ्या कॉलेजच्या पोरांनी तितक्याच जोरात गोंडांच्या राणी दुर्गावतीचा केला. हा चपापला.

उतरताना बॅलन्सिंग रॉक दाखवला. दगडावर दगड, मधे टेकायला जेमतेम जागा. २२ मे १९९७ च्या पहाटे भूकंपात शहरातली घरं पडली, हा जागचा हलला नाही. मेहुण्याने अर्थातच खांदा लावून पाहिला. सगळेच पाहतात, आम्ही जबलपूरकर तर पाहुण्यांना मुद्दाम लावायला सांगतो.

"पण ही राणी लढली कोणाशी?"

"अकबराच्या आसफखानाशी. १५६४ मध्ये. रणातच गेली."

"मग गोंडांचं राज्य मोगलांनी बुडवलं म्हणायचं."

"छे! ते पुढेही चाललं. १७८१ मध्ये सागरच्या मराठ्यांनी बुडवलं. मग नागपूरकर भोसल्यांकडे आलं आणि १८१७ मध्ये इंग्रजांकडे गेलं."

मेहुणा पायरीवरच थांबला. त्याने इकडेतिकडे पाहिलं, पोरं लांब असल्याची खात्री केली आणि आवाज खाली आणला.

"म्हणजे भावोजी, इथे आपण मोगलांच्या पंगतीत?"

"अगदी शेजारच्या पाटावर."

दोनचार पायऱ्या तो काही बोलला नाही. मग एकदम उसळून म्हणाला, "पण घेतलाच होता, तर निदान एखादा तट तरी बांधायचा होता की!"