खोळबहाद्दर

नव्या रिमोटवरील पारदर्शक पिशवी तो रिमोट निकामी होईपर्यंत न काढणारी, सोफ्यावर अभ्रा आणि अभ्र्यावर चादर घालून ती चुरगळू नये म्हणून पाहुण्यांना खुर्ची दाखविणारी, आणि छत्री भिजेल या भीतीने भर पावसात तिची खोळ न उतरविणारी जी एक जमात आपल्या मध्यमवर्गात पूर्वापार सुखाने नांदत आली आहे, तिच्यातील एक सद्गृहस्थ सेवानिवृत्तीनंतर समुद्रावर गेले, ही आमच्या मते त्या जमातीच्या इतिहासातील एक अपूर्व घटना होय. कारण या मंडळींचा पिढीजात शत्रू म्हणजे धूळ. ती गरीब बिचारी फडक्याला भिते, कपाटाच्या दाराशी थबकते आणि सणासुदीला झाडून निघते. समुद्राला यांपैकी एकही शिस्त ठाऊक नाही. त्याची ती बेशिस्त मोडून काढण्याचा विडा उचललेल्या या पुरुषाचे खरे नाव सांगणे शिष्टसंमत होणार नाही. अपोलो बंदरासमोर नांगरलेल्या ज्या शिडाच्या होडीत त्यांचा चौथाई हिस्सा आहे, तिच्या उरलेल्या तिघा हिस्सेदारांनी त्यांना बहाल केलेला ‘खोळबहाद्दर’ हा किताबच येथे पुरेसा आहे. त्या तिघांत प्रस्तुत लेखकाचा समावेश होतो.

खोळबहाद्दरांची उभी हयात हिशेब तपासनीसाच्या खुर्चीत गेली. दुसऱ्याने केलेल्या बेरजेवर विश्वास ठेवणे हे नैतिक अधःपतनाचे पहिले पाऊल होय, असा त्या खुर्चीचा संस्कार असून तो त्यांनी पेन्शनबरोबर घरी आणला. होडीवर येताना त्यांचे पाकीट एका पिशवीत, घड्याळ दुसऱ्या पिशवीत, किल्ल्या तिसऱ्या पिशवीत आणि या तिन्ही पिशव्या चौथीत असतात. चष्म्याला दोरी, टोपीला दोरी आणि त्या दोऱ्या ज्या गुंडीला बांधायच्या त्या गुंडीला दुहेरी टाका असतो. अशा मनुष्याच्या हाती हिस्सेदारांनी होडीचा नवा बिनतारी हातसंच ‘जरा सांभाळा’ असे म्हणून सोपविला, यात त्यांचा दोष कोणता?

हा संच म्हणजे ज्याला दर्यावरचे लोक नुसते ‘सेट’ म्हणतात, ते समुद्रावर बोलण्याचे मुठीएवढे यंत्र. त्याची शक्ती पाच-सहा वॅटची. माणसाच्या उंचीवरून बोलल्यास दुसऱ्या तशाच संचापर्यंत आवाज चार-पाच सागरी मैल जावा, पृथ्वीची वक्रता मध्ये आली की थांबावा. त्याचा जीव १६ क्रमांकाच्या वाहिनीत, म्हणजे १५६.८ मेगाहर्ट्झवर, संकटाची हाक तिच्यावर द्यावयाची, आणि म्हणून मोठी जहाजे, टग, पायलटांच्या बोटी असे सारेजण तिच्याकडे सदैव कान लावून असतात. संच जलरोधक आहे, पाण्यात पडला तरी तरंगतो, असे त्याच्या खोक्यावर छापलेले होते. सामान्य मनुष्य येथे थांबला असता. परंतु खोळबहाद्दरांनी ते खोके चष्म्यासमोर धरून एकच प्रश्न विचारला, “हे म्हणतो कोण? तयार करणारा. म्हणजे आरोपीच स्वतःला चारित्र्याचा दाखला देतो आहे!” आणि संचासाठी जलाभेद्य खोळ निवडण्याचे प्रकरण त्या दिवशी रीतसर दाखल झाले.

प्रथम त्यांनी खोक्यावरील ‘आयपीएक्स ७’ या मुद्रेची उलटतपासणी आरंभिली. या संकेतातील पहिला आकडा धुळीपासूनच्या व दुसरा पाण्यापासूनच्या संरक्षणाचा, आणि ‘एक्स’ याचा अर्थ त्या रकान्यात काही नोंदलेलेच नाही, हे कळताच त्यांच्या मुद्रेवर जी दीप्ती पसरली ती रिकामा रकाना सापडलेल्या तपासनीसाशिवाय अन्य कोणाला प्राप्त होत नाही. पुढे ७ या आकड्याचा अर्थ एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास एवढाच, हेही उघडकीस आले. “आणि एकतिसाव्या मिनिटाला?” त्यांनी विचारले. आठाच्या आकड्यात याहून कडक परीक्षा असते, पण किती खोल आणि किती वेळ हे निर्माताच ठरवितो, असे आम्ही सुचविताच त्यांनी आमच्याकडे, लाचखाऊ कारकुनाची रदबदली करणाऱ्याकडे पाहावे तसे, पाहिले. शिवाय बुडविण्याच्या परीक्षेत उत्तीर्ण झालेली वस्तू पाण्याच्या जोरदार झोतापुढे टिकेलच असे नाही, कारण झोताच्या परीक्षा वेगळ्या. बुडविण्याची परीक्षा गोड्या व संथ पाण्यात होते, आणि त्या पाण्याच्या व वस्तूच्या तपमानात पाच अंशांहून अधिक तफावत असू नये असा दंडक आहे. ही सर्व कलमे वाचून दाखवून खोळबहाद्दरांनी खिडकीतून अरबी समुद्राकडे असा काही दृष्टिक्षेप टाकला, की त्याने यांपैकी एकही अट लेखी मान्य केल्याचा कागद दप्तरी नाही, हे आम्हांला न सांगता समजले.

या मनुष्याचा उपहास करणे सोपे असले, तरी अन्याय करणे बरे नव्हे. तपमानाविषयीची त्यांची धास्ती अगदी रास्त होती. वैशाखाच्या उन्हात होडीच्या फळीवर तापलेला संच एकदम पाण्यात पडला की त्याच्या पोटातील हवा आकुंचन पावते, आत किंचित पोकळी निर्माण होते आणि ती पोकळी रबरी कडीच्या फटीतून पाण्याला आत ओढून घेते; त्या कडीच्या खाचेत मिठाचा एखादा खडा किंवा केस अडकला असेल तर पाण्याला आमंत्रणाचीही गरज उरत नाही. खारे पाणी वाळल्यावर बॅटरी भारावयाच्या पितळी टिकल्यांवर पांढरी-हिरवी बुरशी चढते, हेही त्यांनी आमच्या जुन्या संचावर बोट ठेवून दाखविले. तो संच घरी नेल्यावर गोड्या पाण्याने धुवावयाचा असतो, हे आम्हां तिघांपैकी एकालाही ठाऊक नव्हते.

मग एक संपूर्ण पावसाळा, होड्या किनाऱ्यावर ओढून ताडपत्रीखाली झाकल्या असता, उमेदवारांच्या मुलाखतींत गेला. पहिला उमेदवार तांबाकाट्यावरून आणलेला फिरकीच्या झाकणाचा पितळी डबा. त्यात पाण्याचा थेंब शिरेना हे खरे, पण बंद धातूच्या भांड्यातून बिनतारी लहरीही बाहेर पडेनात. संच त्यात समाधी घेतल्यागत निःशब्द झाला आणि डबा स्वयंपाकघरात रव्याच्या लाडवांसाठी वर्ग करण्यात आला. दुसरा उमेदवार कठीण प्लास्टिकची पेटी. ती निर्दोष होती, परंतु तिच्यात ठेवलेल्या संचाशी बोलण्यासाठी तिला उघडावे लागे, आणि उघडली की ती पेटी राहत नसे. तिसरे, रबरी स्पंजाचे अंगरखे. ते आपटण्यापासून वाचवीत, पण पाणी प्रेमाने शोषून घेऊन दिवसभर संचाला कवटाळून बसत. अखेरीस मैदानात उरली ती मऊ, पारदर्शक प्लास्टिकची, तोंडाशी घडीवर घडी घालून चिमट्याने आवळण्याची पिशवी. तिच्यातून लहरी जातात, पातळ पडद्यातून आवाजही जातो आणि बटणेही बाहेरून दाबता येतात, असा तिचा लौकिक होता.

तिची परीक्षा न्हाणीघरात झाली. टिपकागदाच्या तुकड्यावर टाकाने ‘कोरडा’ असे सुवाच्य अक्षरांत लिहून, तो पिशवीत घालून, वजनाला आत पाट्याचा वरवंटा ठेवून ती बादलीच्या तळाशी रात्रभर बुडवून ठेवण्यात आली. सकाळी पंचांसमक्ष ती उघडली तेव्हा ‘कोरडा’ या शब्दाचा कानामात्राही फुटलेला नव्हता. त्या घरी आंघोळी मात्र दुपारी झाल्या. तरीही मंजुरी मिळेना. आत हवा ठेवली तर पिशवी तरंगेल, पण हवेबरोबर बाष्प आत राहून गारव्याने संचावर दव धरेल. हवा काढली तर दव टळेल, पण तरंगण्याची हमी जाईल, या पेचावर गणेशोत्सव ते दिवाळी एवढा काळ खल झाला.

या अवधीत मूळ मुद्दा कोणी मांडला असेल तर तो होडी राखणाऱ्या वृद्ध कोळी तांडेलाने. “साहेब, सेट अंगावर बांधाचा. मानूस पान्यान परला न् सेट होरीन रायला, त तो काय करल?” एवढेच तो म्हणाला. हातसंचाचे सारे प्रयोजन या एका वाक्यात आहे: होडीवर खिळलेला मोठा संच होडीबरोबर राहतो, हातसंच माणसाबरोबर जावा. पलीकडच्या खांदेरी-उंदेरीच्या पाण्यात एके काळी कान्होजी आंग्र्यांच्या दस्तकाशिवाय व्यापारी गलबताला निर्वेध जाता येत नसे. खोळबहाद्दरांच्या राज्यात संचाला तर त्यांच्या दस्तकाशिवाय कपाटाबाहेरही पडता येत नव्हते. त्यांनी तांडेलाचे म्हणणे शांतपणे ऐकून घेतले आणि ‘सूचना विचाराधीन’ असा शेरा मारला.

शेवटी मोसम सुरू झाल्यावर प्रत्यक्ष पाण्यावर चाचणी घेण्याचे ठरले. खोळबहाद्दरांनी दवाचा पक्ष मान्य करून पिशवीतील हवा दाबून दाबून इतकी निपटून काढली, की प्लास्टिक संचाच्या अंगाला ओल्या धोतरासारखे चिकटले. मग ती पिशवी त्यांनी तांडेलाच्या सूचनेचा अंशतः स्वीकार म्हणून छातीशी पट्ट्याने करकचून आवळली. दुपारचा वायव्येचा वारा छान लागला होता, सन्क रॉकचे दीपगृह मागे पडत होते, आणि आमच्यापैकी एकाने, बहुधा पूर्वजन्मीच्या पातकामुळे, विचारले, “काय हो, पिशवीच का घेतलीत अखेर?”

खोळबहाद्दर बोलू लागले. पितळी डब्याची कैफियत, पेटीचे तर्कशास्त्र, स्पंजाचे चारित्र्य, टिपकागदाची साक्ष, सारे काही क्रमवार, कलमवार येऊ लागले. आणि पट्ट्याखाली पिशवीच्या एका घट्ट घडीने संचाचे बोलण्याचे बटण पहिल्या वाक्यापासून दाबून धरले आहे, ही गोष्ट होडीत कोणाच्याही ध्यानी आली नाही. बटण दाबलेला संच फक्त बोलतो, ऐकत नाही. त्यामुळे १६ क्रमांकावर जे कोणी त्यांना गप्प बसण्याची विनंती करीत होते, त्यांचे अरण्यरुदन झाले. न्हावाशेव्याकडे वळणारी मालवाहू जहाजे, मांडव्याच्या प्रवासी बोटी, टग आणि मच्छीमार हे सारे त्या वाहिनीवर असहाय श्रोते होते. असे घडू शकते हे ओळखूनच संच बनविणाऱ्यांनी आत एक सोय ठेवलेली असते: अखंड पाच मिनिटे बोलल्यावर संच आपोआप मुका होतो. खोळबहाद्दरांना बोलता बोलता थांबविण्याचे धैर्य उभ्या आयुष्यात याच एका यंत्राने दाखविले. पण त्यांनी मुद्द्याच्या भरात छाती फुगविली, घडी सुटून पुन्हा बसली आणि दुसरा अध्याय प्रक्षेपित होऊ लागला. तो तपमानाच्या दंडकापर्यंत आला असता एक मच्छीमार होडी इंजिनाचा वेग मारून आमच्या बाजूला आली आणि तिच्यावरचा तांडेल तोंडाला हाताचे कर्णे लावून ओरडला, “ओ काका! बटन सोरा! आखा बंदर ऐकतंय!”

संकटाच्या वाहिनीला असे कोंडून धरणे हा लहान अपराध नव्हे, आणि दुसरा कोणी असता तर लाजेने खोळीत तोंड लपवून बसला असता. खोळबहाद्दरांनी मात्र, बंदराला दिलेल्या त्रासाबद्दल त्याच वाहिनीवर एका वाक्यात दिलगिरी व्यक्त करून, त्या तांडेलाला होडी लोटण्यापूर्वी एकच प्रश्न केला: “आवाज स्पष्ट येत होता ना?” त्याने कपाळाला हात लावून मान डोलविली. संध्याकाळी धक्क्यावर परतल्यावर प्रकरणाचा अखेरचा शेरा आमच्यासमोर लिहिण्यात आला, तो असा: “पिशवी जलाभेद्य असल्याचे टिपकागदावरून, व ध्वनिवाहक असल्याचे समस्त बंदराच्या साक्षीने सिद्ध, सबब मंजूर. तथापि बटणाबाबतचा दोष लक्षात घेता, संच पिशवीत असेपर्यंत बंद ठेवण्यात यावा. संकटसमयी पिशवीतून बाहेर काढून सुरू करण्यास हरकत नाही; मात्र तत्पूर्वी संबंधितांनी हात कोरडे करून घ्यावेत.”