घोड्याचं नाणं, राजा गायब

जिंकलो की आधी सगळीकडे छापून टाकायचं, ही खोड फार जुनी. ऑगस्टसने इजिप्त घेतलं आणि नाण्यावर मगर बसवली. वर अक्षरं, ‘इजिप्त काबीज’. व्हेस्पासियनने ज्यूडिया जिंकल्यावर सोन्याच्या नाण्यावर शोक करत बसलेली बाई आणली, म्हणजे ज्यूडिया. नाणं उलटलं की सम्राटाचा मुखडा असायचाच. आपल्याकडच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर भाऊ असतात तसा, सगळ्यांत मोठा. फ्लेक्स निदान पावसात फाटतो तरी.

लखनौला या बाबतीत वेगळंच काही सापडतं. तिथलं राज्य संग्रहालय बनारसी बागेत, प्राणिसंग्रहालयाच्याच आवारात आहे. त्याच्या संग्रहात खेरी जिल्ह्यातून आलेला एक दगडी घोडा आहे. समुद्रगुप्ताच्या अश्वमेधाची ती आठवण असावी, असं अभ्यासक मानतात. जिवंत वाघ बघायला निघालेल्या मंडळींना तो मिळमिळीत वाटणार, यात त्यांचा दोष नाही.

पण हाच प्रसंग समुद्रगुप्ताच्या सोन्याच्या नाण्यावर बघावा. घोडा डावीकडे तोंड करून यज्ञाच्या खांबापुढे उभा, वर पताका फडकतेय. खोगीर नाही, लगाम नाही. मागच्या बाजूला पट्टराणी, खांद्यावर चवरी, आणि शब्द ‘अश्वमेधपराक्रमः’. राजा मात्र दोन्ही बाजूंना नाही! एरवी हाच गृहस्थ नाण्यावर वीणासुद्धा वाजवून दाखवतो. इथे त्याने सगळी जागा घोड्याला दिली. अर्थात यज्ञात घोड्याचं पुढे काय होतं ते आपल्याला ठाऊक आहे, तेव्हा नाण्यावर तरी जागा मिळायलाच हवी होती.

नातू कुमारगुप्त याने पुन्हा अश्वमेधाची नाणी पाडली. त्याचा घोडा मात्र साज चढवून, नटूनथटून उभा. १९४६ साली राजस्थानात बयानाजवळ शेतात गुप्तांच्या १८२१ सुवर्णनाण्यांचा साठा मिळाला, त्याची सूची कोल्हापूरकडच्या अनंत सदाशिव आळतेकरांनी केली. त्यात कुमारगुप्त वाघ मारतो, सिंह मारतो, गेंडासुद्धा मारतो. आजोबांचा संकोच नातवात उतरला नाही.

अश्वमेधाची ही नाणी दक्षिणा म्हणून वाटली, असं मानतात. ती हातावर पडल्यावर भटजींनी आधी काय बघितलं असेल? घोड्याची ऐट, पट्टराणीची चवरी? मला नाही वाटत. लखनौच्या चौकातला सराफ आज करील तेच त्यांनी केलं असणार, आधी तळहातावर तोलून पाहिलं असणार. जेमतेम पावणेआठ ग्रॅम. भरलं एकदाचं वजन, की मग घोडा.