बावीस तासांचा बंदोबस्त

ज्याच्या आयुष्याची पस्तीस वर्षे सरकारी दप्तरात गेली, आणि त्या पस्तीस वर्षांत ज्याने वाणसामानाची यादीसुद्धा जावक क्रमांक घातल्यावाचून वाण्याकडे धाडली नाही, अशा मनुष्याला निवृत्तीनंतर मुलीने ओसाका शहरी बोलावून घ्यावे आणि आठव्या मजल्यावरच्या खिडकीतून परमुलखातली रहदारी मोजण्यापलीकडे त्याच्यावर कोणतीही कामगिरी सोपवू नये, याचा परिणाम काय होईल हे खरे तर त्या मुलीलाच आधी उमजायला हवे होते. "बाबा, तुम्ही दोघं एक रात्र कोयासानला जाऊन या," एवढेच ती एका रविवारी चहा गाळता गाळता बोलली. तिच्या लेखी विषय तिथे संपला. माझ्या लेखी नस्ती उघडली गेली.

कोणत्याही प्रकरणात आधी मूळ सनद पाहावी, हा माझा शिरस्ता. ओसाकाच्या दक्षिणेस वाकायामा प्रांतात, सुमारे आठशे मीटर उंचीवर, कमळाच्या पाकळ्यांप्रमाणे उभ्या असलेल्या आठ शिखरांमधले हे खोरे इ. स. ८१६ मध्ये सम्राट सागा याने कूकाई नामक संन्याशाला दिले. हा कूकाई ८०४ मध्ये समुद्र ओलांडून चीनमध्ये गेला, तिथे मंत्रमार्गाची दीक्षा घेऊन ८०६ मध्ये परतला, आणि ज्या पंथाच्या नावाचाच अर्थ 'सत्य शब्द', म्हणजे मंत्र, असा आहे त्या शिंगोन पंथाचा मठ त्याने या डोंगरावर स्थापिला. आज तिथे एकशे सतरा मंदिरे आहेत आणि त्यांपैकी पन्नासच्या आसपास मंदिरांत यात्रेकरूंना मुक्काम करता येतो. इथवर सारे कागदपत्र यथास्थित होते. घोटाळा झाला तो पुढच्या नोंदीपाशी.

८३५ मध्ये कूकाई वारला असे इतिहास म्हणतो. परंतु डोंगराला ते मान्य नाही. तो समाधीत बसला आहे आणि मैत्रेय बुद्धाच्या आगमनाची वाट पाहत आहे, अशी तिथली श्रद्धा असून भिक्षू त्याच्यासाठी दिवसातून दोन वेळा भोजन घेऊन जातात. हे वाचून माझ्यातला निवृत्तिवेतनधारक अंतर्यामी हलला. दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला दाखल केल्याखेरीज माझ्या ताटात जिथे पै पडत नाही, तिथे या सत्पुरुषाला जवळजवळ बारा शतके कोणताही दाखला न मागता दोन्ही वेळचा शिधा अव्याहत पोचतो आहे! आणि मैत्रेय अवतरणार तो तब्बल ५६७ कोटी वर्षांनी. एका बाजूला ही मुदत, आणि दुसऱ्या बाजूला पहिल्या दिवशी दुपारी बारापासून दुसऱ्या दिवशी सकाळी दहापर्यंतचे माझे बावीस तास. मुदत जितकी अल्प तितका बंदोबस्त चोख हवा, असा विचार करून मी पंधरा-पंधरा मिनिटांचे अठ्ठ्याऐंशी रकाने आखले आणि प्रत्येकापुढे 'शेरा' म्हणून एक उभा रकाना सोडला.

मार्गक्रमणाचे प्रकरण लवकर आटोपले. ओसाकाच्या नाम्बा स्थानकातून निघणारी जलद गाडी सुमारे ऐंशी मिनिटांत डोंगराच्या कुशीतल्या गोकुराकुबाशी या शेवटल्या ठाण्यावर आणून सोडते. या नावाचा अर्थ 'सुखावतीचा पूल'. म्हणजे पुण्यवंतांना जिथे कायमचे राहायला मिळते, तिथे आम्हाला फक्त गाडी बदलायची होती. तिथून दोरावर ओढली जाणारी गाडी पाच मिनिटांत सव्वातीनशे मीटर उभा चढ चढते. वरच्या स्थानकातून गावात जाणाऱ्या रस्त्यावर पायी चालण्यास मनाई असल्यामुळे बसमध्ये बसणे प्राप्त होते. एकूण आठ रकाने खाऊन दोन तासांचा हिशेब मिटला, आणि मी ओकुनोइनकडे वळलो.

ओकुनोइन म्हणजे कूकाईच्या समाधीकडे जाणारी दोन किलोमीटरची वाट. दोन्ही अंगांना पुराणवृक्ष म्हणावेत असे सुरू जातीचे प्रचंड वृक्ष आणि त्यांच्या सावलीत दोन लाखांहून अधिक थडगी व स्मारके. मी या वाटेला दीड तास मंजूर केला होता. भागाकार केला तेव्हा सेकंदाला सदतीस थडगी पाहावी लागतील असे निघाले, म्हणून निवड करणे भाग पडले. ओदा नोबुनागा या सरदाराचे स्मारक घेतले; १५८२ मध्ये ज्याने बंड करून त्याला मृत्यूच्या दारी लोटले त्या आकेची मित्सुहिदेचेही घेतले, कारण वादी आणि प्रतिवादी एकाच आवारात इतक्या शांततेने नांदत असल्याचे उदाहरण आमच्या खात्यात घडलेले नव्हते. उद्योगसंस्थांनी उभारलेल्या स्मारकांत एक अग्निबाणाच्या आकाराचे आहे आणि एक कॉफीच्या पेल्याचे, ती वगळली. परंतु वाळवीचा नायनाट करणाऱ्या व्यावसायिकांच्या संघटनेने आपल्या हातून मेलेल्या वाळवीला शांत झोप लागावी म्हणून जे स्मारक उभारले आहे, त्याला मी पूर्ण रकाना दिला. माझ्या दप्तरखान्यातले कित्येक जमाबंदीचे कागद जिने जिरवले, त्या हयातभरच्या वैरिणीपुढे एकदा हात जोडावेत, असे मनापासून वाटले.

या वाटेवर परीक्षेच्या जागाही आहेत. एका विहिरीत डोकावल्यावर आपले प्रतिबिंब दिसले नाही तर तीन वर्षांत मरण येते म्हणतात. एका चढाच्या पायऱ्यांवर जो घसरून पडेल त्याचीही मुदत तेवढीच. आणि एका छोट्या चौकटीतली शिळा एका हाताने खालच्या फळीवरून वरच्या फळीवर ठेवायची असते, ती पुण्यवानाला हलकी आणि पाप्याला जड लागते. माझा चष्मा जुन्या नंबराचा, गुडघे त्याहून जुने, आणि उजवा खांदा हिवाळ्यात वर जात नाही. केवळ नेत्रदोष, संधिवात आणि खांदेदुखी यांच्या पुराव्यावर परलोकी माझ्याविरुद्ध एकतर्फी निकाल लागण्याचा संभव दिसल्यामुळे या तिन्ही बाबी 'वेळ उरल्यास' या सदरात टाकल्या. हे सदर मी नोकरीतच शोधून काढले होते. त्यात गेलेला कागद पुन्हा वर आल्याचे स्मरत नाही.

मुक्कामाचा विषय मात्र मला अपेक्षेबाहेर सुखावून गेला. ओसाकात आल्यापासून आम्हा शाकाहाऱ्यांची अवस्था अशी, की निव्वळ भाजीचे म्हणून जे समोर यावे त्याच्या रश्शात वाळवलेला मासा दडलेला निघे. मंदिरातल्या भोजनात मासा नाहीच, पण कांदा-लसूणही नाही. रस्सा काढतात तो समुद्रातल्या शेवाळाचा आणि अळिंबीचा. तिळाच्या दुधात कंदाचे सत्त्व शिजवून केलेली, खरवसासारखी थरथरणारी वडी आणि थंडीत गोठवून वाळवलेल्या सोयाबीनच्या पनीराचे तुकडे, हे तिथले खास पदार्थ. "म्हणजे हजार मैलांवर येऊन चातुर्मासच की," असे आमच्या कुटुंबाने म्हटले, पण म्हणताना तिचा चेहरा घरी पोचल्यासारखा झाला होता. जावईबापूंनी हळूच सांगितले, की भिक्षूंच्या बोलीत मद्याला 'हान्न्यातो' म्हणतात. हान्न्या म्हणजे आपली प्रज्ञा, तो म्हणजे ऊन पाणी. प्रज्ञेचे ऊन पाणी! निषिद्ध वस्तूला इतके निर्दोष शीर्षक देणारा कारकून मला माझ्या कचेरीत लाभला असता, तर लेखापरीक्षणाच्या कित्येक रात्री मी सुखाने झोपलो असतो.

परंतु ज्या नोंदीने माझी लेखणी थबकली ती वेगळीच होती. या देशात उतरल्या दिवसापासून मी निरक्षर झालो होतो. दुकानाची पाटी वाचता येईना, दाराजवळची कळ उघडायची की बंद करायची ते समजेना. आणि इथे वाचतो तो काय, कूकाईने आपल्याबरोबर सिद्धम् लिपी आणली, आणि त्या डोंगरावरच्या पाच थरांच्या दगडी स्तूपांवर आजही पृथ्वी, आप, तेज, वायू आणि आकाश यांची बीजाक्षरे, अ, व, र, ह, ख, त्या लिपीत कोरलेली असतात. ही लिपी आपल्या नागरीची चुलत बहीण. तिथल्या अग्निपूजेला 'गोमा' म्हणतात, तो आपला होम. मठाच्या नावातला 'कोंगो' म्हणजे वज्र. शिवाय तिथल्या कोयासान विश्वविद्यालयात २०१५ सालापासून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा उभा आहे. त्याला तर मी यादीत पहिला क्रमांक दिला. महिनाभर अंगठेबहाद्दर ठरलेल्या इसमाला एखाद्या डोंगरावरचे धोंडे ओळख दाखवतील, ही कल्पना काही सामान्य नव्हे.

एवढी तयारी झाल्यावर मंदिराला अर्ज केला. त्यात चौदा कलमे होती: खाली मांडी घालून बसता न आल्यास काय तजवीज आहे, स्नानगृह किती वाजता बंद होते, पहाटेच्या प्रार्थनेला उशीर झाल्यास तो कोणत्या सदरात धरला जातो, खोलीच्या, बोळाच्या आणि शौचालयाच्या चपला निरनिराळ्या असतात त्यांची अदलाबदल झाल्यास परिमार्जन काय, इत्यादी. लेकीने या अर्जाचे जपानी भाषांतर दीड ओळीत केले, तेव्हाच मला संशय आला होता. दुसऱ्या दिवशी उत्तर आले: "भोजन साडेपाचला असते. पाचच्या आत यावे. रात्री थंडी पडते." चौदा कलमांवर असा संक्षिप्त, संपूर्ण आणि अपिलाला जागा न ठेवणारा हुकूम मी उभ्या नोकरीत पाहिला नव्हता.

निघण्याच्या आदल्या रात्री वेळापत्रकाची सहावी आवृत्ती मी सर्वांसमोर वाचून दाखविली. अठ्ठ्याऐंशी रकाने ऐकून होईपर्यंत जावईबापूंनी तीनदा जांभई गिळली. आमचे कुटुंब लोकरीच्या मोज्यांच्या घड्या घालीत होते, ते शेवटी म्हणाले, "हे सगळं झालं. पण त्या कूकाईची आई कुठे असते?"

प्रश्न नस्तीबाहेरचा होता. उत्तर जावईबापूंनी दिले. आई मुलाला भेटायला शिकोकू बेटावरून आली, परंतु त्या डोंगरावर स्त्रियांना जाऊ देत नसत, आणि ही मनाई पुढे १८७२ पर्यंत टिकली. म्हणून ती पायथ्याशी जिसोन-इन या मंदिरात राहिली. आख्यायिका अशी, की मुलगा महिन्यातून नऊ वेळा डोंगर उतरून तिला भेटायला येई, म्हणून त्या गावाचे नाव कुदोयामा, नऊ वेळांचा डोंगर. तिथून वर जाणारी वाट सुमारे वीस किलोमीटरची असून तिच्यावर अंतर दाखविणारे एकशे ऐंशी दगडी स्तंभ आजही उभे आहेत.

"मग आपण आधी तिथे उतरायचं," कुटुंब म्हणाले.

मी निदर्शनास आणले, की आमची जलद गाडी त्या ठाण्यावर थांबत नाही. स्थानकापासून मंदिर बरेच चालावे लागते. आणि असे केल्यास दुपारचे बारा रकाने निकामी होऊन बावीस तासांचे एकोणीस होतील.

"अहो, पोरगा महिन्यातून नऊदा अख्खा डोंगर उतरायचा," ती मोजे पिशवीत घालीत म्हणाली, "आणि तुम्हाला एकदा गाडीतून उतरायचं जड होतंय?"

या युक्तिवादाला माझ्यापाशी नियम नव्हता. रात्री सगळे निजल्यावर, किमान विरोधी टिपण तरी लिहून ठेवावे म्हणून मी त्या जिसोन-इनची माहिती काढली, आणि दिव्याखाली एकटाच ओशाळलो. ते मंदिर मुळात स्थापले गेले होते ते डोंगराचा कारभार पाहण्यासाठी. वर मंत्र चालत, होम चालत. आणि त्यासाठी लागणारा शिधा, सामान आणि हिशेब पाहणारी कचेरी ती खाली. कचेरी! साऱ्या तीर्थक्षेत्रातली जी एक वास्तू केवळ माझ्यासारख्यासाठी बाराशे वर्षे उभी होती, तीच माझ्या सहा आवृत्त्यांतून निसटली होती. आणि ज्या कचेरीच्या दारी संन्यासी महिन्यातून नऊदा येत असे, तो तिथे काही हिशेब तपासायला येत नसे.

मी सातवी आवृत्ती लिहावयास घेतली. विहीर, पायऱ्या आणि शिळा आपोआपच गळाल्या, याबद्दल मला फारसे दुःख झाले असे म्हणता येणार नाही. वाळवी राहिली. दुपारचे बारा रकाने एकत्र करून त्यांत फक्त 'आई' असा शब्द लिहिला, आणि पुढचा शेऱ्याचा रकाना, पस्तीस वर्षांत प्रथमच, कोरा सोडला.